कोकोव्रत

जगात चहा पिणारे आणि कॉफी पिणारे असे दोनच वर्ण आहेत, असा आपल्याकडे समज आहे. कोको पिणारा मनुष्य वर्णबाह्य. चहावाला त्याला आजारातून उठलेला समजतो आणि कॉफीवाला त्याचं बालपण लांबलंय असं समजतो. मी रोज रात्री साडेनऊला ओट्याशी उभा राहून कोको करतो हे कळलं, की पाहुणे हटकून विचारतात, "प्रकृती बरी आहे ना?"

प्रकृती उत्तम आहे. प्रश्न आहे तो धर्मशास्त्राचा. रोज ठरल्या वेळी, ठरल्या क्रमानं केलेल्या गोष्टीला व्रत म्हणायचं की चट? आपल्या शास्त्रकारांनी कर्मांची वर्गवारी करून ठेवलीय. इच्छा धरून करायचं ते काम्य, काही निमित्तानं करायचं ते नैमित्तिक आणि रोज करायचं ते नित्य. नित्यकर्माची गंमत अशी, की ते केल्याचं वेगळं फळ नाही, पण न केल्याचा दोष मात्र लागतो, असं मानणारे पुष्कळ आहेत. आमच्या कोकोला हे लक्षण तंतोतंत लागू पडतं. घेतल्यावर माझ्या चेहऱ्यावर तेज आलेलं कुणी पाहिलेलं नाही. पण एखाद्या रात्री चुकला, तर त्याचा दोष दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यापासून सगळ्यांना भोगावा लागतो!

विधीही सोवळ्यातला. कपात दोन चमचे भुकटी, दीड चमचा साखर, मिठाची कणी. त्यावर आचमनापुरतं गार दूध घालून घोटायचं. एकदम गरम दूध ओतणाऱ्याच्या नशिबी गुठळ्या. १८२८ मध्ये व्हॅन हाउटेन या डच गृहस्थानं कोकोच्या बियांतून बरंचसं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा ही भुकटी करणं सोपं झालं. पण थोडा स्निग्धांश उरतोच आणि तो चटकन भिजत नाही. घोटून गंधासारखं झालं, की मग उकळतं दूध. १७५३ मध्ये लिनियसनं या झाडाला 'थिओब्रोमा', म्हणजे 'देवांचं अन्न', असं नाव दिलं. म्हणजे नैवेद्याचाही प्रश्न मिटला.

मिटला नाही तो नैवेद्य येतो कुठून, हा. इंग्लंडातले कॅडबरी हे क्वेकर पंथाचे सज्जन लोक. दारूचे कट्टर विरोधक. माणसानं दारूऐवजी कोको प्यावा, ही त्यांची तळमळ. पण त्यांच्या कोकोच्या बिया यायच्या पोर्तुगिजांच्या साओ टोमे बेटावरून, आणि तिथं राबणारी माणसं नावाला मजूर आणि प्रत्यक्षात गुलाम होती. एका वर्तमानपत्रानं त्यावरून ढोंगीपणाचा आरोप केला. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०९ मध्ये ज्यूरीनं निकाल कॅडबरींच्या बाजूनं दिला आणि नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग. म्हणजे पाव पेनी! सज्जनांच्या अब्रूचा इतका काटेकोर हिशेब क्वचितच झाला असेल.

त्याच वर्षी कॅडबरींनी साओ टोमेचा कोको बंद केला. म्हणून गोष्ट संपली म्हणावं, तर तसंही नाही. आज जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथल्या कोकोच्या शेतीत सुमारे साडेपंधरा लाख मुलं बालमजुरी करतात, असं २०२० मध्ये एका अमेरिकन संशोधन संस्थेच्या अहवालात आलं. त्यातली बरीचशी घरच्याच शेतात कोयता चालवतात, कारण बापाला मजूर परवडत नाही.

आता काय करावं? कोको सोडावा, तर सौ. विचारते, "तुम्ही सोडलात म्हणून त्यातलं एक तरी पोर शाळेत जाईल का? उलट बापाचे चार पैसे कमीच व्हायचे." बरं, विसरून प्यावा, तर घोटताना नेमकं आठवतं. चमचा हलवण्याखेरीज त्या वेळी मनाला दुसरं काम नसतं.

इथं मला मनुस्मृतीतल्या पंचसूना आठवतात. चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा हंडा ही गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थानं. रोज तिथं जीव मरणारच. मनूच्या पुष्कळ गोष्टी मला पटत नाहीत, पण इथं तो चूल विझवा म्हणत नाही, आणि चालायचंच म्हणून सोडूनही देत नाही. रोज पाच यज्ञ करून थोडंथोडं फेडा म्हणतो. दोष रोजचा, तर फेडही रोजची.

आमच्या घरात या यज्ञांपैकी एक पहिल्या दिवसापासून चालू आहे. कोको जो करील, पातेलं त्यानं घासायचं, हा सौ.चा दंडक. रात्रभर वाळलेलं दूध सकाळी भांडीवाल्या बाईंनी का खरवडावं, हा तिचा सवाल, आणि त्याला उत्तर नाही. घानातल्या पोराच्या हातातला कोयता मला इथून काढून घेता येत नाही. बाईंच्या हातातलं पातेलं येतं. एवढ्यानं हिशेब मिटत नाही, हे मला ठाऊक आहे. पाव पेनीचंच काम आहे ते. पण तेवढंही न देणाऱ्यानं साडेपंधरा लाखांची काळजी वाहावी, हे काही खरं नाही.

परवा सौ. म्हणाली, "एवढा वेळ काय घासताय? पुण्य मिळतं की काय?"

मी म्हटलं, "नित्यकर्माला फळ नसतं. बूड लागलंय, म्हणून घासतोय."