भेद आणि विषमता

'वि' आणि 'सम' यांपासून 'विषम' हा शब्द सिद्ध होतो. जे सम नाही ते विषम. गणितात तीन, पाच, सात या विषम संख्या होत. त्यांत काही उणेपणा नाही. वैद्यकातील विषमज्वर मात्र पीडाकारक. आणि समाजाविषयी बोलताना विषमता म्हणजे उच्चनीचता. येथे एक शंका उद्भवते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न आहेत, असे आपले शास्त्र सांगते. मग भेद मानणाऱ्याने विषमतेचा निषेध कोणत्या आधारे करावा?

याचे समाधान असे. भेद वस्तूच्या ठिकाणी असतो, विषमता वर्तनात असते. भेद जाणावयाचा असतो. विषमता केली जाते. स्मृतिस्थळातील प्रसंग सर्वांस परिचित आहे. श्रीनागदेवाचार्यांच्या सन्निध केशिराजांसारखे पंडित होते, तशा संस्कृत न जाणणाऱ्या वृद्धाही होत्या. हा भेद खराच. परंतु शास्त्र संस्कृतात बांधू गेल्यास त्या वृद्धा ज्ञानास मुकतील, म्हणून आचार्यांनी केशिराजांना आवरले. त्यांनी पंडिताचे पांडित्य नाकारले नाही. त्याचा अडसर होऊ दिला नाही, इतकेच.

कोणी म्हणेल, ज्याची त्याची अवस्था कर्मानुसार असते. असेल. पण कर्मफळ देणे हा देवतांचा व्यापार आहे. दुसऱ्याचे फळ ठरविण्याचा अधिकार माणसास कोणी दिला?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला, की राजकारणात समता येईल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील. पुढल्याच वर्षी, १९५० मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. त्या संस्थेचा आणि आपल्या मार्गाचा सिद्धान्त एक नव्हे. तरी ज्ञानाचे दार उघडे ठेवण्याची निकड दोन्हीकडे एकच.

तेव्हा साधकाने परीक्षा स्वतःपासून आरंभावी. पंक्तीत पात्र पाहून वाढले जाते काय? निरूपणात प्रश्न विचारणाऱ्याचे कूळ आधी मनात येते काय? गरीब वासनिकाच्या दंडवतास श्रीमंताच्या दंडवताइतकेच उत्तर मिळते काय? यांपैकी एका ठिकाणी जरी मन अडखळले, तरी तो शास्त्रोक्त भेद नव्हे. ती आपण केलेली विषमता होय. आणि जी आपण केली, ती आपणच मोडावयाची आहे.