मेलेलं ढोर कुणाचं?

गेल्या महिन्यात एका अभ्यासवर्गात मी गिधाडांचा विषय काढला आणि पोरं हसली. एक जण उठून म्हणाला, "सर, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा धंदा आहे. त्यांना पक्षी मोजायचेत, आपल्याला माणूस वाचवायचाय." टाळ्या पडल्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. म्हटलंही आहे, एका भाषणात, आणि टाळ्या घेतल्यात. त्यामुळं त्या पोराला तिथं मी नीट उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर एक मेलेला बैल मध्ये आणावा लागतो. म्हणून इथं लिहितोय.

आपल्या कवितेत गिधाड म्हणजे सावकार, गिधाड म्हणजे पुढारी. मीही तसल्या चार ओळी खरडल्यात. माझ्या आज्याला ही उपमा कधी पटली नाही. तो म्हणायचा, "आरं, गिधाड कुनाचं हिसकून खात न्हाई. मेल्यालं खातं. त्येचं आन् आपलं भांडान व्हायचं, पर ते भावकीचं."

भांडण खरंच होतं. गाव प्रवरेच्या खोऱ्यातलं. ढोर मेलं की ओढून न्यायचं काम महारवाड्याचं. आभाळात घिरट्या दिसल्या की माणसं सुऱ्या घेऊन पळायची. गिधाडं आधी पोचली तर कातडं फाटायचं, आणि कातडं गेलं की चार पैसे गेले. मांस वाटून घ्यायचं, उरल्याच्या चान्या करून दोरीवर वाळत घालायच्या, घारीपासून त्या राखायला म्हातारी बसवायची. मी हे पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. माझ्या जन्माच्या आधीच ते थांबलं होतं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा. सगळ्या गावांनी एका दिवसात सोडलं असं नाही. पोट आडवं येत होतं, आणि गावही आडवं येत होतं. ढोर ओढायला नकार दिला म्हणून बहिष्कार पडले, मारहाणी झाल्या. आमच्या वाड्यानं मांस आधी सोडलं, ओढणं १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सोडलं. पुढं १९५८ च्या कायद्यानं वतनंही गेली. आज्यानं आपली सुरी विकली नाही, मोडली नाही. आढ्याला खोचून ठेवली होती. ती मी लहानपणी पाहिलीय.

आता मुद्दा असा, आपण सोडल्यावर ते काम कुणी केलं? गावातली जनावरं मरायची काही थांबली नव्हती. मी हा प्रश्न फार उशिरा विचारला. गावकरी मेलेलं ढोर बैलगाडीला बांधून कसंबसं ओढ्यापलीकडच्या माळावर नेऊन टाकायचे आणि पाठ फिरवायचे. त्यापुढचं गिधाडं करायची. शंभरेक उतरली तर तासाभरात हाडांचा सापळा तेवढा शिल्लक. सडक्या मांसाला त्यांच्या पोटातलं आम्ल पुरून उरतं. माणसाला जे विष, ते त्यांना जेवण. म्हणजे चाळीस-एक वर्षं आपल्या नकाराची किंमत आमच्या गावाला कळलीच नाही. ती पाखरांनी परस्पर भरली. गावाला वाटलं, घाण आपोआप नाहीशी होते.

मग गिधाडं मेली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादं उरलं एवढी घटली. लांब चोचीचीही बहुतेक गेली. कारण बरीच वर्षं कळेना. कुणी रोग म्हणालं, कुणी कीटकनाशक. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवर झालेल्या अभ्यासातून उलगडा झाला: डायक्लोफेनॅक. आपण कंबर दुखली की जी गोळी घेतो तेच औषध. नव्वदच्या दशकात ते स्वस्त झालं आणि लंगड्या बैलाला, सुजलेल्या कासेला सर्रास टोचलं जाऊ लागलं. टोचल्यावर दोन-चार दिवसांत जनावर मेलं तर औषध मांसात उरतं. ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात, आतल्या अवयवांवर पांढरं पीठ साचतं आणि ते मान टाकून मरतं. शंभरातल्या एखाद्या मढ्यात औषध असलं तरी एवढा संहार व्हायला पुरतं, कारण एका मढ्यावर शंभर चोची असतात. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं गेलं. मेलॉक्झिकॅम नावाचं दुसरं औषध गिधाडांना सोसतं. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. गेलेलं लवकर भरून येत नाही.

यात कुणाचा हेतू वाईट नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. शेतकऱ्याला बैलाचं दुखणं थांबवायचं होतं, म्हणजे खरं तर पेरणीपुरता बैल उभा राहायला हवा होता. ढोरांच्या डॉक्टरनं हाताशी होतं ते टोचलं. आणि आभाळ रिकामं झालं. सजीवांची नाती ही अशी आहेत, एका खुराचं दुखणं दहा कोसांवरच्या घरट्यात जाऊन मारतं. आपण हे नातं नाकारू शकत नाही. "आपल्याला माणूस वाचवायचाय" म्हणणाऱ्या त्या पोरासाठी एक आकडा सांगतो. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला की गिधाडं नाहीशी झाल्यामुळं २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. मढी सडली, पाणी नासलं, कुत्री वाढली, कुत्र्यांबरोबर रेबीज वाढला. ही माणसं कोण असतील? मढं टाकायचा माळ कुणाच्या घराला लागून असतो? हे त्या अभ्यासात नाही. ते मला माझ्या गावावरून माहीत आहे.

इथं एक सापळा आहे, तो ओळखला पाहिजे. पर्यावरणाची भाषा बोलणारा एखादा सुशिक्षित माणूस मला गोडीनं सांगतो, "बघा, तुमच्या पूर्वजांचं काम किती मोलाचं होतं. निसर्गाच्या साखळीतला तो एक दुवा होता." हे ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. १९८३ साली माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा या दोन शास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला होता. जंगलात जशा निरनिराळ्या जीवजाती आपापली जागा धरून राहतात, तशा जातींनी निसर्गातली संसाधनं आपसांत वाटून घेतली, त्यामुळं झगडा कमी राहिला, अशी त्याची दिशा. ते दोघं अभ्यासक होते, आपल्या भटक्या जमातींत जाऊन पायपीट केलेले. त्यांनी जातीची भलामण केली असं मी म्हणणार नाही. पण ती उपमा त्यांच्या हातून सुटली की कुठं जाते ते बघा. ती थेट गावच्या चावडीवर जाऊन बसते: ज्याची जागा त्याला.

गिधाडाला दुसरी चोच नाही. त्याच्या मानेवर पिसं नाहीत, कारण पिढ्यान्‌पिढ्या मढ्यात मान घालणाऱ्याला ती परवडली नाहीत. माझ्या आज्याची मान तशी नव्हती. त्याचे हात कुणाही हातांसारखे होते, त्यांनी लेखणीही धरली असती, तबलाही वाजवला असता. त्याची जागा निसर्गानं ठरवली नाही, काठीनं ठरवली. जंगलात झगडा कमी असतो तो वाटणीमुळं असेल; गावात कमी होता तो मार खाऊन गप्प बसल्यामुळं. आणि गिधाडाला कुणी पाणी बंद केलं नव्हतं! महाडच्या चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत, पाखरं पीत. बंदी फक्त आपल्याला होती. म्हणजे सजीवांच्या साखळीतसुद्धा आपल्याला दुवा म्हणून घेतलेलं नव्हतं. साखळीबाहेर ठेवून साखळीची घाण तेवढी उपसायला लावली होती.

या व्यवहाराकडं मी आता असं बघतो. बैल जिवंत असेपर्यंत त्याची मेहनत मालकाची. गाईचं दूध मालकाचं, शेण मालकाचं, वासरू मालकाचं. पोळ्याला शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची. श्वास थांबला की त्या क्षणी मालकी संपली, ढोर महाराचं झालं! हे कसलं नातं? मरणाशी ज्याला आपला संबंध तोडता येतो त्यानं जीवनाशीही खरा संबंध जोडलेला नसतो, असा माझा संशय आहे. २०१६ च्या जुलैत गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना उघडं करून, गाडीला बांधून बडवलं. त्यानंतर आठवड्याभरात सुरेंद्रनगरला दलितांनी मेलेली जनावरं गाड्यांत भरून आणली आणि कलेक्टर कचेरीपुढं टाकली. तुमची आई आहे ना, तुम्हीच उचला. मला ती गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात मोठी पर्यावरणाची सभा वाटते. तिथं कुणी पर्यावरण हा शब्दही उच्चारला नसेल.

पण प्रश्न तिथं संपत नाही. नकार दिला, बरोबर दिला. मढं मात्र सडायचं राहत नाही.

१९९९ चा उन्हाळा. गावातल्या एका बागायतदाराचा बैल ओढ्याकाठी मेला. आठवडाभर त्याला इंजेक्शनं चालू होती, कोणती ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नेहमीप्रमाणं टाकून दिला. एक दिवस गेला, दोन गेले. आभाळ कोरं. गावाला तेव्हा पहिल्यांदा आमची आठवण झाली. सरपंचाचा माणूस वस्तीत आला, "तुमच्यातलं कुनी तरी बघा की." कुत्री मात्र आली, पंधरा-वीस. बैल पडला होता तो ओढा खाली आमच्या विहिरीजवळून जातो. चौथ्या दिवशी माझ्या चुलत बहिणीच्या पोराला कुत्रं चावलं. तालुक्याला लस मिळाली नाही, जिल्ह्याला न्यावं लागलं. पोरगं वाचलं.

त्या रात्री विहारात बैठक झाली. आम्ही पोरं तावात होतो, हात लावायचा नाही म्हणजे नाही. मी तर महाडपासून सुरुवात करून तासभर बोललो. माझी चुलती मागं बसली होती. ती म्हणाली, "तुमचा स्वाभिमान आमाला बी हाये. पर पानी आमी भरतो. उद्या ह्या पोरास्नी कंच्या हिरीचं पाजू ते सांग, मंग फुडं बोल." मी गप्प. खरं सांगायचं तर आजही त्या प्रश्नापुढं मी पुरता बोलता झालेलो नाही. मढ्याला शिवलो तर जुनं जोखड मानेवर, न शिवलो तर विष आपल्याच हंड्यात. वस्ती वाऱ्याच्या आणि पाण्याच्या खालच्या अंगाला वसवली होती ती काही उगीच नव्हे.

शेवटी बायकांनीच वाट काढली. ढोर आपण उचलायचं नाही, पण ते उचलल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या दारातून उठायचंही नाही. हंडे घेऊन त्या तिथं बसल्या. आम्ही मागून गेलो. दोन दिवस. आज हे काम ग्रामपंचायतीनं यंत्रानं करावं, पगारी माणूस नेमावा, तो कुठल्याही जातीचा असावा, त्याला हातमोजे आणि बूट द्यावेत, मालकानं खर्च भरावा, हे सगळं सांगता येतं. २०१५ च्या कायद्यानंतर म्हातारा बैल कसायाला विकता येत नाही, तेव्हा तो गावातच मरणार, हे तर उघडच आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याकडं चिरगावला गिधाडं टिकावीत म्हणून मेलेली जनावरं त्यांच्यासाठी ठेवतात. चांगलं काम आहे, झालं पाहिजे. महाडही त्याच जिल्ह्यात. तिथं गेलो तर मी पहिला प्रश्न हा विचारणार आहे की ढोर ओढून कोण आणतं, आणि त्याला चहा कुठल्या कपात देतात.

सहाव्या दिवशी मालक ट्रॅक्टर घेऊन आला. तोंडाला उपरणं बांधलेलं. त्याच्या पोरानं सोलाचा फास बैलाच्या मानेत टाकला, ट्रॅक्टर हलला, फास निसटला. पुन्हा टाकला, पुन्हा निसटला. फुगलेलं जनावर, चामडी सुटायला लागलेली. आम्ही ओढ्याच्या अलीकडं रांगेत उभे होतो, हात बांधून. काही पोरं हसत होती. मीही हसलो असेन.

आजा काठी टेकत पुढं गेला. ऐंशीच्या घरातला माणूस. आम्हाला वाटलं, हा आता हात लावतो, आणि सगळ्यांनी ओरडायला तोंड उघडलं. तो काठावरच थांबला. काठीनं दाखवत म्हणाला, "मानंत न्हाई बांधत. मागल्या दोन्ही पायास्नी. खुराच्या वर, सांध्याखाली. दुहेरी येढा घाल." पोरानं बांधलं. त्याला ओकारी आली, बाजूला जाऊन आला, पुन्हा बांधलं. बैल हलला.

घरी येताना मी आज्यावर उखडलो. चाळीस वर्षांमागं सोडलेलं त्यांना शिकवायला कशाला गेलास? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बैलानं काय केलं व्हतं रं आपलं?"

सुरी अजून आढ्यालाच होती. घर पाडून नवं बांधलं तेव्हा ती कुठं गेली, कुणाला सांगता येत नाही.