पहिला आला, दुसरा कुठे आहे?

फ्रिट्झ पोलार्डबद्दल वाचताना माझ्या डोक्यात एक दृश्य अडकून बसलं. मैदानावर पाडलं गेल्यावर हा माणूस लगेच पाठीवर वळायचा आणि बुटांचे खिळे वर करून पाय हवेत झाडत राहायचा. कारण काळा म्हणून खाली पडल्यानंतरही त्याच्या अंगावर मुद्दाम उड्या पडायच्या.

पोलार्ड शिकागोचा, जन्म १८९४चा. अमेरिकन फुटबॉल हा धिप्पाडांचा खेळ, आणि हा जेमतेम पावणेसहा फूट. १९२० साली त्याच्या ॲक्रन प्रोज संघानं लीगचं पहिलंच विजेतेपद जिंकलं. १९२१मध्ये तो खेळता खेळताच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. हीच लीग आज एनएफएल म्हणून ओळखली जाते, आणि पोलार्ड तिचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक.

मग दुसरा कधी आला? आर्ट शेल, १९८९मध्ये. म्हणजे ६८ वर्षांनी. पोलार्ड तीन वर्षांपूर्वीच वारला होता. मधल्या काळात, १९३४ ते १९४५, या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

‘पहिल्यानं वाट पाडली’ असं आपण सहज म्हणतो. पण मागून कोणाला येऊच दिलं नाही, तर ती वाट कसली? उलट तो पहिला संस्थेच्याच कामी येतो: ‘बघा, आम्ही घेतला होता की एकाला!’ त्याचं कौतुक करताना दार कोणी लावून घेतलं, हे विचारायचं राहून जातं.

हे मला टोचलं, कारण आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. शाल-नारळ देऊन सत्कार झाला, फोटो निघाले. दोन वर्षांनी चुलत बहिणीचं शिक्षण बारावीवर थांबवलं, तेव्हा मी त्याच घरात जेवत होतो. माझ्या शब्दाला तेव्हा वजन होतं. मी तो खर्चलाच नाही.

दार लावणारा मी नव्हतो, हे खरं. पण पहिला असण्याचा मान घ्यायचा आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडायचं नाही, हे कितपत बरोबर?

लीगनं दार लावल्यावर पोलार्डनं हार्लेममध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या ब्राउन बॉम्बर्स संघाला प्रशिक्षण दिलं. हॉल ऑफ फेमचा मान त्याला २००५मध्ये मिळाला, मरणानंतर १९ वर्षांनी. त्याच्या वाट्याला आलेल्या मानापेक्षा त्यानं केलेलं हे काम मला मोठं वाटतं.

बहीण आता चोवीस वर्षांची आहे. बाहेरून पदवी करता येते. आज तिला फोन करतो.