कुरर पक्षी आणि दादाची फियाट



मी कीर्तनकार नाही, प्रवचनकार तर नाहीच. बी.कॉम. झालो, ३४ वर्षं बँकेत खतावण्या लिहिल्या, आणि आता जळगावात घरी असतो. २०२४ च्या चातुर्मासात आमच्या मंदिरात अवधूतांच्या २४ गुरूंवर वाचन झालं. एकेका गुरूवर एकेकाने बोलायचं, असं ठरलं होतं. माझ्या वाट्याला कुरर पक्षी आला.

गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत ती यदुराजाला सांगतात. कुरराच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. तो पाहून दुसरे बळकट पक्षी त्याच्यावर तुटून पडले. टोचून टोचून त्याला हैराण केलं. त्याने तुकडा टाकला, पक्षी तुकड्यामागे गेले, आणि हा निवांत झाला. मी यावर वीस मिनिटं बोललो. लोकांना आवडलं. घरी आलो तर सौ. चपला काढता काढता म्हणाली, "छान बोललात. आणि आपल्या पत्र्याच्या शेडखालची?"

ती म्हणजे दादाची फियाट.

माझा थोरला भाऊ मुंबईला २६ वर्षं टॅक्सी चालवायचा. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची गाडी बनवली, तीच पुढे १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली. १०८९ सी.सी.चं इंजिन, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. दादा एस.टी.त बसला तरी घाटात त्याचा डावा हात हवेत गिअर टाकायचा. २००८ साली मुंबई सोडून तो घरी आला आणि एक १९७६ ची पद्मिनी, जवळजवळ भंगारात निघालेली, १८ हजाराला घेऊन आला. म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्यांना सोडलं. आता आपल्या गाडीत आपली माणसं बसवून सारंगखेड्याला यात्रेला जायचं." तापीकाठचा तो एकमुखी दत्त आणि दत्तजयंतीचा घोडेबाजार, याचं त्याला लहानपणापासून वेड. दर मार्गशीर्षात बोलायचा, पुढच्या वर्षी नक्की.

त्याने इंजिन उतरवलं, पिस्टन-रिंगा बदलल्या, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दरवाजे आणले. २०१३ साली तो गेला. इंजिन पोत्यात गुंडाळलेलं तसंच राहिलं.

दहावं-तेरावं झाल्यावर मी मनाशी म्हटलं, गाडी मी पूर्ण करीन. कुणी सांगितलं नव्हतं, पण म्हटलं खरं. मग पत्र्याचं काम केलं, ते दोन पावसाळ्यांत पुन्हा गंजलं. एक मिस्त्री ॲडव्हान्स घेऊन गेला तो गेलाच. मी वही ठेवलेली आहे. २०२४ पर्यंत १ लाख ४३ हजार खर्च, आणि गाडी जागची हललेली नाही.

आता गंमत बघा. बँकेत मीच कर्जदारांना समजवायचो की गेलेला पैसा मोजू नका, पुढे काय येणार ते बघा. ९० दिवस हप्ता आला नाही तर खातं एन.पी.ए. होतं. माझं खातं ११ वर्षं थकलेलं, आणि मीच त्याला मुदत देत होतो. पुण्याचा मुलगा म्हणे, "पप्पा, देऊन टाका." धुळ्याचा एक तरुण टर्नर दोनदा येऊन बघून गेला, ५५ हजार द्यायला तयार. तर जुना एक सहकारी म्हणाला, "वेडा आहेस का? दोन वर्षं थांब. २०२६ ला ५० वर्षं पुरी होतात, व्हिंटेजमध्ये जाईल, भाव बघ मग." २०२१ ला केंद्राचा तसा नियम झाला आहे, हे खरं. पण तोच नियम असंही सांगतो की व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच. म्हणजे जिच्यात माणसं बसवायची म्हणून दादाने घेतली, ती झाकून ठेवायची! चोचीतला तुकडा सोडायचा नाही आणि खायचाही नाही, तसं झालं हे.

तरी सुटत नव्हती. खरं सांगतो, गाडी विकणं म्हणजे दादाला दुसऱ्यांदा पोचवणं, असं वाटायचं. कुरराने मांस टाकलं, त्यात त्याच्या भावाचा शब्द गुंतलेला नव्हता, असाही वाद मी मनात घातला.

त्या चातुर्मासात मला नाथमहाराजांची गोष्ट आठवली. आपल्या चाळीसगावचे जनार्दनस्वामी, दत्तभक्त आणि देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्याकडे नाथ हिशेब लिहायचे. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर बसले, सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा सांगतात. गुरूंनी त्यावर काय म्हटलं ते आपण जाणताच. मला मात्र त्या रात्री, बँकेच्या सवयीने, ती पैच दिसत राहिली. वही काढली. जमा-नावे पुन्हा तपासलं. पत्रा, रंग, मिस्त्री, टायर, सगळं बरोबर.

चूक वहीत नव्हतीच. जे लिहिलंच नव्हतं, ते राहिलं होतं. ११ वर्षांत आम्ही सारंगखेड्याला एकदाही गेलो नव्हतो. दरवेळी म्हणायचो, दादाच्या गाडीने जाऊ. वहिनी ७४ वर्षांच्या झाल्या, गुडघे गेले. गाडी झाली नाही म्हणून दर्शन राहिलं, आणि दर्शन व्हायचं म्हणून गाडी राहिली. आणि ज्यांच्या नावावर आरसी बुक आहे त्यांना मी ११ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, वहिनी, काय करू?

दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, त्या काय त्या पत्रामा बठेल शेतस का?" मग जरा थांबून, "माले वाटे, तुम्हलेच ती लागस."

मी उठून शेडमध्ये गेलो, पोत्याजवळ बसून राहिलो बराच वेळ. माझ्यावर कोण तुटून पडलं होतं? कुणीच नाही. टोचणारा मीच होतो. गाडी पूर्ण करणारा भाऊ, असं जे माझं चित्र मी रंगवलं होतं, ते मला सोडवत नव्हतं.

वहिनींनी सही केली. धुळ्याचा मुलगा टेम्पो घेऊन आला. पैसे मी वहिनींच्या हातात दिले. त्यांनी त्यातले मोजून वेगळे काढले आणि भाड्याच्या गाडीचे म्हणून माझ्याकडे परत दिले.

१४ डिसेंबर २०२४, दत्तजयंती. एरंडोल, पारोळा, धुळे, दोंडाईचा करत आम्ही सारंगखेड्याला पोचलो. गर्दीत वहिनींना खुर्चीवर बसवून दोघांनी उचललं. दर्शन झालं. मग म्हणाल्या, घोडे दाखवा. एका पांढऱ्या घोड्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मालकाला किंमत विचारली, त्याने सांगितली तेव्हा हसल्या, "इतलामा तर आमनी गाडी दोन येतीस."

शेड साफ करताना बोल्टांचा एक डबा सापडला. दादाच्या हाताची चिठ्ठी आत, "डावा दरवाजा". चिठ्ठी मी काढून घेतली. डबा धुळ्याला पाठवला. आठ दिवसांनी त्या मुलाचा फोन आला, "काका, बोल्ट बसले. इंजिन अजून धूर फेकतंय."

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.