प्रयत्नाचे मोल आणि थांबलेला काटा

श्रमाला फळ मिळावे ही माणसाची स्वाभाविक अपेक्षा आहे. शेतकरी पेरतो ते उगवण्यासाठी आणि व्यापारी भांडवल गुंतवतो ते नफ्यासाठी. परंतु श्रम तेच राहिले आणि फळ येणे मात्र थांबले, तर त्या श्रमांना काही मोल उरते काय? हा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत वजनाच्या काट्यापाशी उभा राहतो. लठ्ठपणा कमी करण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया करून घेतलेली व्यक्ती काही महिने झपाट्याने हलकी होत जाते. मग एके दिवशी काटा एका आकड्यावर थांबतो. पथ्य तेच, चालणेही तेच; आकडा मात्र आठवड्यामागून आठवडे हलत नाही. तेव्हा मनात येते, ‘माझे काय चुकले? अल्लाह माझ्यावर नाराज तर नाही ना?’

प्रथम एक गैरसमज दूर करू. वैद्यकशास्त्र अतिलठ्ठपणाला आजार मानते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि झोपेत श्वास अडखळणे हे विकार त्याच्या सोबतीने येतात. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजारावर उपचार करून घेण्याची शिकवण दिली आहे. तेव्हा तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याने, आरोग्यासाठी केलेली शस्त्रक्रिया हा उपचारच होय. तिला आळशी माणसाची पळवाट म्हणणे हा अन्याय आहे.

आता काटा का थांबतो ते पाहू. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढला जातो. बायपासमध्ये अन्नाचा मार्गच बदलला जातो. सुरुवातीच्या घटीत चरबीबरोबर शरीरातील साठवणीची साखर आणि तिने धरून ठेवलेले पाणीही जाते. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांतच अनेकांचे वजन एकदा अडते. पुढे शरीर हलके होते तसा त्याचा रोजचा खर्चही घटतो. शंभर किलोच्या देहाला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी सत्तर किलोच्या देहाला लागत नाही. शिवाय वजन घटताना शरीर उपासमारीच्या भयाने काटकसर करू लागते. साधारणपणे बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास बहुतेकांचे वजन स्थिरावते आणि पुढे थोडे वाढणेही असामान्य नसते. दुष्काळात माणूस तगून राहावा म्हणून अल्लाहने देहात जी व्यवस्था ठेवली, तीच येथे काम करीत असते. आपल्या रत्नागिरीच्या बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. हापूसचे कलम एक वर्ष भरभरून देते आणि पुढच्या वर्षी हात आखडते. म्हणून कोणी त्याच्या मुळावर कुऱ्हाड घालीत नाही.

अशा वेळी मन दोन टोकांना धावते. एक टोक निराशेचे असते. ‘आता काही होणार नाही’ म्हणत माणूस पथ्य सोडतो, गोड सरबते आणि येता-जाता तोंडात टाकायचे पदार्थ परत येतात. दुसरे टोक अतिरेकाचे. ‘काटा हलावा म्हणून मी लागोपाठ नफिल रोजे धरू का?’ असा प्रश्न कधी कधी विचारला जातो. त्याचे उत्तर नियतीत, म्हणजेच हेतूत आहे. रोजा अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी असतो. त्यातून देहालाही लाभ झाला तर हरकत नाही; परंतु केवळ आकड्यासाठी उपाशी राहणे म्हणजे इबादतीचे नाव दिलेला आहार-कार्यक्रम. शस्त्रक्रिया झालेल्या देहाला एका वेळी फार पाणी आणि अन्न घेता येत नाही, हेही विसरू नये. डॉक्टर धोका सांगत असतील, तर रमजानच्या फर्ज रोज्यांतही सूरह बकराने आजाऱ्याला सवलत दिली आहे: रोजे नंतर पूर्ण करावेत आणि असमर्थता कायमची असेल तर फिदया द्यावा. अल्लाहने दिलेली सवलत नाकारून देहाला इजा करणे हा धर्मनिष्ठेचा पुरावा नव्हे. हजरत सलमान (रजि.) यांनी हजरत अबू दरदा (रजि.) यांना अतिरेकी उपासनेपासून रोखले आणि प्रत्येक हक्कदाराचा हक्क द्यावयास सांगितले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सलमान यांचेच म्हणणे खरे ठरविले. देह ही अमानत आहे आणि अमानतीचाही आपल्यावर हक्क असतो.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? त्यासाठी हजरत हाजरा (अ.) यांच्याकडे पाहावे. तान्हुले तहानलेले, दरी ओसाड. त्या सफावरून मरवाकडे आणि मरवावरून सफाकडे सात वेळा गेल्या. त्याच दोन टेकड्या, तीच वाट, आणि दोन्हींवर पाणी नव्हते. केवळ फळ मोजणाऱ्याने त्या सातही फेऱ्या वायाच गेल्या असे म्हटले असते. पाणी शेवटी त्या धावत होत्या तेथे आलेच नाही. ते बाळाजवळ, झमझमच्या जागी आले. तरीही अल्लाहने ते धावणे हज आणि उमराहचा भाग करून ठेवले. त्याला ‘सई’ म्हणतात आणि या अरबी शब्दाचा अर्थच प्रयत्न असा आहे. सूरह नज्ममध्ये हाच धातू येतो. माणसाच्या वाट्याला त्याचा प्रयत्न येतो आणि तो प्रयत्न पाहिला जाईल, असा तेथील आशय आहे. पाहिला जाणार आहे तो प्रयत्न. फळ कोठून, केव्हा आणि कोणत्या रूपात यावे, हे देणाऱ्याच्या हाती आहे.

मात्र सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. हाजरा (अ.) थांबल्या नव्हत्या. काटा थांबला की डॉक्टर व आहारतज्ज्ञांकडे जाऊन तपासून घ्यावे: प्रथिने पुरेशी पोटात जातात काय, स्नायू टिकविणारा व्यायाम होतो काय, झोप नीट लागते काय, लोह, बी-बारा, कॅल्शियम यांच्या गोळ्या चुकतात काय. या गोळ्या आणि तपासण्या बहुधा जन्मभराच्या असतात. अल्लाहला ती कृती अधिक प्रिय आहे, जी अल्प असली तरी सातत्याची असते, ही प्रेषितांची (स.) शिकवण येथे अक्षरशः लागू पडते. आकड्याखेरीज इतर खुणाही पाहाव्यात. रक्तातील साखर आटोक्यात आली असेल, सज्दा गुडघे न दुखता होत असेल, जिना चढताना दम लागत नसेल, तर हीही नेमतच आहे. तिचा शुक्र राहून जाऊ नये.

येथे कुटुंबाचीही जबाबदारी येते. वलिम्याच्या दस्तरखानावर ‘एवढेसेच जेवलीस?’ म्हणून आग्रह करणारी माणसेच महिन्याभराने ‘ऑपरेशन करूनही तशीच?’ असे विचारतात. 2017 साली इजिप्तच्या इमान अहमद उपचारांसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आल्या, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष त्यांच्या वजनाच्या आकड्यावर होते. किती किलो घटले यावर जाहीर वाद झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात अबू धाबीत त्यांचे निधन झाले. एका आजारी स्त्रीची जगाला राहिलेली ओळख मात्र किलोंचीच आहे. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या बारीक पिंढऱ्या पाहून काही सहाबी हसले होते. मीझानमध्ये, म्हणजे न्यायाच्या तराजूत, त्या उहुद पर्वताहूनही जड ठरतील, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. घरातला काटा देहाचा भार सांगतो. त्या देहाने केलेला सब्र मोजण्याचे काम त्याचे नाही. जी भगिनी आज आकडा न हलताही आपले पथ्य आणि आपले चालणे सांभाळते आहे, तिची सई पाहिली जात आहे.

अल्लाह आजाऱ्यांना शिफा देवो, प्रयत्न करणाऱ्यांना स्थैर्य देवो आणि आपल्या जिभांना दुसऱ्यांच्या देहाचा हिशेब मांडण्यापासून वाचवो. आमीन.