मधला चौथा दिवस

आजचे वाचन : उत्पत्ति, अध्याय १

देवाने समुद्र तिसऱ्या दिवशी एकत्र केला. मासे मात्र पाचव्या दिवशी. हे अंतर मला आता कळतंय, कारण घरी रीफ टँक उभारतोय. आरओचं पाणी, समुद्री मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२५, आत सच्छिद्र दगड. पाणी कसं नितळ दिसतं! पण आत टाकलेलं चिमूटभर खाद्य कुजून अमोनिया होतो, आणि तो माशाचा जीव घेतो. दगडांत वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट करतात. त्यात चार-सहा आठवडे सहज जातात. (प्रवाळ तर त्याहून उशिरा.) धाकटा रोज विचारतो, "पप्पा, मासे कधी?" आज तपासलं : अमोनिया शून्य, नायट्राइट अजून आहे. म्हटलं, "बाळा, आपला चौथा दिवस चाललाय."