पुसायचे काय, जपायचे काय

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या गेवराई, वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता आणि बिऱ्हाड घेऊन माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. त्यांचे कागद मात्र मागेच राहतात. आधार कार्ड, पॅन, पासबुकाचे पहिले पान, रेशनकार्ड, जातीचा दाखला, पीक विम्याच्या अर्जाला जोडलेला सातबारा असे सगळे तालुक्याच्या गावातल्या एखाद्या सेवा केंद्रात स्कॅन होऊन संगणकात पडून असते. पाच-सात वर्षांनी तो संगणक जुना होतो. मग तो नव्याच्या बदल्यात दुकानदाराला दिला जातो, किंवा कोपऱ्यात धूळ खात पडतो आणि शेवटी किलोच्या भावाने भंगारात जातो. आतल्या हार्डडिस्कचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. ज्याचे कागद त्यात आहेत तो तर फडात असतो.

जुनी डिस्क सुरक्षितपणे निकालात कशी काढावी हा प्रश्न आपण संगणक दुरुस्त करणाऱ्या पोरावर सोपवून मोकळे होतो. माझ्या मते तो आधी कारभाराचा प्रश्न आहे आणि तंत्राचा नंतर. डिस्कबाबत दोन कर्तव्ये असतात: जे खासगी आहे आणि ज्याचे काम संपले आहे ते पुरते पुसायचे, जे सार्वजनिक आहे आणि ज्याचा जाब उद्या कोणी विचारू शकतो ते पुरते जपायचे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. लोकांची खासगी माहिती भंगारात शाबूत पोहोचते आणि चौकशीला हवी असलेली माहिती ‘हार्डडिस्क उडाली’ एवढ्या दोन शब्दांत संपते. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. आत काय आहे आणि ते कधीपर्यंत ठेवायचे, हे कुणीही कुठेही लिहून ठेवलेले नसते.

आधी पुसण्याबद्दल. फाइल डिलीट केली, रिसायकल बिनही रिकामे केले, म्हणजे माहिती गेली असा सार्वत्रिक समज आहे. संगणक त्या वेळी फक्त ती फाइल कुठे आहे याची नोंद काढतो. मजकूर चकतीवर तसाच राहतो. झटपट फॉरमॅटचेही तेच. गावाची पाटी उपटली म्हणून गाव उठत नाही. एमआयटीतले सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती आणि तिच्यात खातेक्रमांक होते. मोठ्यांनाही हे जमतेच असे नाही. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेने जुनी उपकरणे निकालात काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिले, जिला या कामाचा अनुभवच नव्हता; काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकली गेली. २०२२ मध्ये त्याबद्दल अमेरिकी नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला. २०१३ मध्ये तिथल्याच एका आरोग्यविमा संस्थेला बारा लाख डॉलर भरावे लागले, कारण भाड्याच्या झेरॉक्स यंत्रांमधल्या डिस्क न पुसताच तिने ती यंत्रे परत केली होती. मोठ्या झेरॉक्स यंत्रांपैकी अनेकांत डिस्क असते, हे आपल्या तहसीलसमोर रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल?

पुसण्याचा अर्थ फोडणे किंवा जाळणे असाही घेतला जातो. कोलंबिया हे अमेरिकी अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीकडे परतताना आकाशात फुटून जळाले. त्याच्या अवशेषांत सापडलेल्या, बाहेरून वितळून गेलेल्या एका डिस्कमधून तज्ज्ञांनी यानातल्या एका प्रयोगाची जवळजवळ सगळी माहिती परत मिळवली. तेव्हा उकिरड्यावर काडी लावून काही साधत नाही; प्लास्टिकचा विषारी धूर तेवढा पदरी पडतो. चालू असलेली चकतीची डिस्क असेल तर तिच्या पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्यापर्यंत शून्ये लिहून काढणे हा खात्रीचा आणि फुकटचा मार्ग आहे. आजच्या डिस्कसाठी असे एकदा लिहिणे पुरते. पस्तीस वेळा लिहायला हवे ही १९९६ मधल्या एका लेखावरून पसरलेली आणि त्या लेखकाने पुढे स्वतःच खोडलेली समजूत आहे. एसएसडी आणि पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. त्यांच्यातली चिप झिजू नये म्हणून लिखाण सतत जागा बदलत राहते आणि काही राखीव भाग संगणकाला दिसतच नाही. वरून कितीही लिहा, खाली काही ना काही उरू शकते. त्यासाठी उत्पादकाने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञा वापरावी लागते, त्याहून चांगले म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळी डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवावी, मग किल्ली नष्ट केली की आतला मजकूर वाचता येत नाही. बंद पडलेली डिस्क असेल तर आतल्या चकत्या फोडाव्या, त्यांना भोके पाडावी. एसएसडीतली प्रत्येक चिप तोडावी. हे काम सुताराच्या ड्रिलने होते. आवरणावर हातोडा मारून किंवा घरातले लोहचुंबक फिरवून होत नाही.

एवढे तंत्र कुठलाही तालुका आठवड्यात शिकेल. अवघड आहे ते दुसरे कर्तव्य, आणि त्याची अवघड बाजू बीडइतकी क्वचितच कुठे उघडी पडली असेल.

२०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. मजुरी बुडू नये, पाळीची अडचण नको, म्हणून आणि कधी भीती घालून झालेल्या या शस्त्रक्रिया. आता एखाद्या खासगी दवाखान्याच्या संगणकाची कल्पना करा. त्यातली एकेक नोंद एका बाईच्या शरीराची आहे. ती शेजाऱ्याला, मुकादमाला, सासरला कळण्याचे काही कारण नाही. त्याच नोंदी एकत्र ठेवल्या की त्या कुणाचा तरी गुन्हा नाहीतर बेपर्वाई दाखवतात. त्यांच्यावाचून समितीला काही बोलता आले नसते. एकच डिस्क एकीच्या दृष्टीने पुसायला हवी आणि सगळ्यांच्या दृष्टीने जपायला हवी.

दुसरे उदाहरण जन्माआधीचे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे बीडमध्ये फक्त ८०७ मुली होत्या आणि पुढच्याच वर्षी परळीतल्या बेकायदा गर्भपातांच्या प्रकरणाने जिल्ह्याची मान खाली गेली. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याने सोनोग्राफी केंद्रांना नोंदी दोन वर्षे, आणि खटला चालू असेल तर तो संपेपर्यंत, ठेवणे बंधनकारक केले आहे. म्हणजे सोनोग्राफी यंत्राला जोडलेल्या संगणकाची डिस्क ‘सुरक्षितपणे’ पुसणे हा उद्या पुरावा नष्ट करण्याचा प्रकारही ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेत न्यायालयात सादर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा गुन्हाच आहे.

तिसरे उदाहरण खुनाचे. जिल्ह्यातल्याच मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यातले आरोपपत्र वाचले की मोबाइलमधला व्हिडिओ हा किती मोठा साक्षीदार असतो ते कळते. त्यांतलीच छायाचित्रे पुढे घराघरातल्या मोबाइलवर फिरली, तेव्हा त्या कुटुंबाने काय सोसले तेही जिल्ह्याने पाहिले. साक्ष न्यायालयात पोहोचलीच पाहिजे आणि चव्हाट्यावर पोहोचता कामा नये, या दोन्ही मागण्या एकाच वेळी खऱ्या आहेत.

पैशाच्या व्यवहारातही हेच आहे. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत लाखो ठेवीदारांच्या ठेवी अडकल्या. अशा वेळी ठेवीदाराच्या हातात पावती आणि पासबुक एवढेच असते. पैसा कुठून कुठे गेला हे संस्थेच्या संगणकांतच असते. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि बनावट अर्जांच्या तक्रारींत बीडचे नाव पुढे आले. कुणाच्या कागदांवर कुणी अर्ज भरला, हे शोधायचे तर अर्ज भरणाऱ्या केंद्राचा संगणक हवा. तो भंगारात गेला तर दोन नुकसाने एकदम होतात: शेतकऱ्याचे कागद तिसऱ्याच्या हाती लागतात आणि त्याच्या नावावर झालेल्या लबाडीचा माग पुसला जातो.

जपण्याचे मोल मराठवाड्याला अलीकडेच कळले आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामाच्या राज्यातले उर्दू आणि मोडीतले कागद धुंडाळणे सुरू झाले. मराठा आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू कोणती याचा इथे संबंध नाही. मुद्दा एवढाच की शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने लिहिलेली एक ओळ एका घराचे भवितव्य ठरवू लागली. ते कागद टिकले ते शहाणपणाने कमी आणि दुर्लक्षाने जास्त. रुमालात बांधून फडताळात टाकले आणि विसरले गेले, म्हणून राहिले. डिस्कला विसरून चालत नाही. कपाटात पडलेली डिस्क काही वर्षांत चालेनाशी होऊ शकते आणि न वापरलेल्या एसएसडीतली माहिती आपोआप झिरपून जाऊ शकते. सीसीटीव्हीचा डीव्हीआर तर ठरावीक दिवसांनी जुने चित्रण आपणच पुसतो. कागद दुर्लक्षाने वाचले, तसे डिजिटल दप्तर वाचणार नाही.

यावर उपाय नवा शोधायला नको, आपल्याच कचेऱ्यांत तो आहे. सरकारी अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते: अ म्हणजे कायम जपायचे, ड म्हणजे वर्षभरात निकाली. ही शिस्त कागदाला आहे, संगणकाला नाही. संगणक जडवस्तू संग्रह नोंदवहीत जातो, तिथे त्याची खरेदीची किंमत लिहितात आणि निर्लेखनाच्या वेळी घसारा काढतात. आत कोणत्या वर्गाचे अभिलेख आहेत, त्यांची प्रत कुठे काढली, डिस्क कुणी आणि कशी पुसली, याला एकही रकाना नाही. तीन रकाने वाढवले आणि दोन सह्या घेतल्या, एक अभिलेख सांभाळणाऱ्याची आणि एक संगणक पाहणाऱ्याची, तर निम्मे काम झाले. ज्या नोंदींवर चौकशी किंवा खटला चालू आहे त्यांची हॅश (मजकूर बदलला तर लगेच उघड करणारा अंकी ठसा) काढलेली प्रत आधी जिल्ह्याच्या ठिकाणी जमा करायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश अपेक्षित आहेच. दवाखान्यांच्या बाबतीत मुदत संपेपर्यंत नोंद जपणे, अभ्यासासाठी नावे काढून आकडे ठेवणे आणि मग मूळ डिस्क पुसणे, असा क्रम लावता येतो. बाईचे नाव आणि तिच्यावर झालेला अन्याय यांना वेगळे करणे शक्य आहे. ते मुद्दाम करावे लागते एवढेच.

कायद्याची बाजू तयार होते आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पहिला कायदा शिसे आणि पारा मातीत जाऊ नये म्हणून आहे, दुसरा माहिती चुकीच्या हाती जाऊ नये म्हणून. या दोहोंत एक फट आहे. ई-कचरा नोंदणीकृत संस्थेला दिल्याची पावती म्हणजे डिस्क पुसल्याचा दाखला नव्हे, पण कार्यालये तोच समजून चालतात. डिस्क आपल्या दारातून बाहेर पडण्याआधी पुसलेली असली पाहिजे.

दोन आक्षेप रास्त आहेत. एक असा की सगळे आता राज्याच्या सर्व्हरवर असते, स्थानिक डिस्कला काय महत्त्व? सर्व्हरवर जाण्याआधी स्कॅन केलेला प्रत्येक कागद केंद्राच्या डेस्कटॉपवर, डाउनलोड फोल्डरमध्ये आणि व्हॉट्सॲपच्या खिडकीत उतरलेला असतो. अर्ज वर जातो, प्रत खाली राहते. दुसरा आक्षेप गरिबाच्या बाजूचा आहे: डिस्क फोडायला लागलो तर जुन्या संगणकांचा बाजार मरेल, आणि त्याच बाजारातून अंबाजोगाईच्या नाहीतर केजच्या एखाद्या विद्यार्थ्याला पहिला संगणक परवडतो. म्हणूनच फोडणे हा शेवटचा उपाय ठेवावा. शून्ये लिहून पुसलेली डिस्क पुन्हा वापरता येते. दुरुस्तीच्या दुकानदाराला चोर ठरवून काही साधणार नाही. डिस्क पुसून दिल्याचा लेखी दाखला देण्याचे माफक शुल्क त्याला मिळाले, तर या साखळीतला सर्वांत भरवशाचा माणूस तोच होऊ शकतो.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही. सगळे लिहून ठेवायचे म्हटले की ‘डिस्क उडाली’ ही पळवाट बंद होते. नोंदवहीला तीन रकाने वाढवण्यात खर्च जवळपास नाही. तरीही ते वाढले नाहीत, याचे कारण मला अज्ञानापेक्षा या सोयीत जास्त दिसते. म्हणून हे काम संगणक विभागाच्या परिपत्रकावर सोडू नये. ग्रामसभेने ग्रामपंचायतीच्या संगणकाबद्दल, ठेवीदारांनी पतसंस्थेच्या वार्षिक सभेत, रुग्णाने दवाखान्यात एकच प्रश्न विचारावा: जुन्या यंत्रातली माझी माहिती कुणी, कधी, कुणाच्या सहीने पुसली, आणि पुसण्याआधी काय जपून ठेवले? ज्या कार्यालयाला याचे लेखी उत्तर देता येत नाही, त्याच्या निर्लेखनाच्या प्रस्तावावर जिल्हाधिकाऱ्यांनी आणि जिल्हा परिषदेने सही करू नये.